मनीचा भुंगा

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडकडे खडी फोडणाऱ्या बायांची पोरं जहिराबाई बालवाडीत सांभाळायच्या. त्या दिवशी पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्यांना दाभणाने भोकं पाडून, काड्यांचे पाय खोचून मुलं किडे बनवत होती. “बाई, माझ्या भुंग्याला आयत्याच मिशा हायेत!” सुरुंगवाल्या छगनची मनकर्णा ओरडली. जहिराबाईंनी वळून पाहिलं. पोरीच्या मुठीत विहिरीच्या खोदकामावरची, खडक फोडायची सुरुंगाची कांडी होती, दोन तारा लोंबणारी, आणि तिच्यावर दाभण टेकलेलं होतं. ओरडावं तर पोर दचकणार. “मने, तुझा भुंगा झोपलाय गं,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या ओंजळीत ठेव त्याला.” मनीने जपून ठेवला. ओंजळ न हलवता जहिराबाई विहिरीवर गेल्या. छगनने आपली कांडी ओळखली. मग त्यानेच ती खडकात उडवली. परतल्यावर मनीने विचारलं, “माझा भुंगा?” “उडाला गं,” म्हणत त्यांनी तिला कवटाळलं.