बाजेखालची मोटर

लातूरच्या शारिक मिस्त्रीनं अम्मीच्या दुखऱ्या पाठीसाठी बाजेखाली मोटरवर फिरणारे लाकडी रूळ बसवले. पाठ नीट दाबली जावी म्हणून रुळांचा आस त्यानं मुद्दाम मध्य सोडून एका बाजूला घेतला होता. बटण दाबताच अख्खी बाज गदगदा हलली. तिच्यावर पडलेली, एरवी आधाराशिवाय न चालणारी अम्मी, चांदबी, किंचाळत उठली, धडाधड जिना चढली आणि वर भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या मुलींचं दार बडवू लागली.

"पोरींनो, भाईर निघा! जमीन हालून राहिली!"

मुली रस्त्यावर धावल्या. शारिकनं अम्मीला धरून खाली आणलं. "भूकंप न्हाई अम्मी, मशीन हाय ती. बघ, सगळ्या आल्या बाहेर."

चांदबीची नजर दारावरून हटेना.

"आन् जेबा?"

किल्लारीच्या भूकंपात गाडल्या गेलेल्या लेकीचं नाव तिनं इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच घेतलं होतं.