पोत्यातले बोल्ट

हार्लनची बायको मार्लिस गेली, तेव्हा चर्चची सगळी मंडळी येऊन ‘देवाची मर्जी’ म्हणाली, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं जेवण, हॉटडिश, ठेवून गेली. भिंतीवर महायुद्धातल्या जुन्या रायफली टांगलेल्या होत्या. त्या घरात आता हा माणूस एकटा राहणार, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मी पोतं घेऊन गेलो. “हार्लन, सगळे बोल्ट काढून दे. वसंतात परत ने.”

बोल्ट म्हणजे गोळी आत सरकवणारा लोखंडी दांडा; तो काढला की रायफल नुसती काठी. प्रत्येकावर त्याच्याच रायफलीचा नंबर, आणि हार्लन तर त्यांना कुणाला उघड्या हाताने शिवूसुद्धा देत नसे. वाटलं, लाथ घालून हाकलेल. पण त्याने एकेक काढून पोत्यात फेकला. लोखंडावर लोखंड आपटत होतं, त्याचं लक्षही नव्हतं. त्या थंडीत मला धड झोप लागली नाही.

बर्फ वितळल्यावर तो दारात उभा. “शनिवारी नेमबाजी आहे. माझे बोल्ट आण.”

टेबलावर पोतं उपडं करून तो एकेक बोल्ट उजेडात धरून बघायला लागला, आणि भडकलाच.

“ड्वेन, गाढवा! हा ओरखडा बघ! बोल्ट आहेत का बटाटे? कुठल्या अकलेच्या कांद्याने हे असे पोत्यात फेकले?”

“मीच रे,” मी म्हणालो. “अजून घाल शिव्या.”