चार आकडी कोड

"बोला यशवंतराव, या टीव्हीले घर म्हून लावू का नाही?" रामाजीने रिमोट हातात धरून विचारलं.

रामाजीचं बेला गावात टीव्हीचं दुकान. यशवंतरावांचा जुना टीव्ही गेला, तेव्हा नवा भिंतीवर चढवायला तो स्वतः आला होता. आल्यापासून त्याचं एकच चाललं होतं. डिशचा नवा डबा घ्या, त्यात मराठी, तेलुगू, हिंदी सगळं येतं, सिनेमेसुद्धा. ही इंटरनेटवरच्या सिनेमांची जुनी सेवा कशाला पोसता? यशवंतराव डब्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"जुनंच राहू दे."

"राहू द्या. पण आता नवा कायदा आहे त्या कंपनीचा. एका खात्याले एकच घर. हा टीव्ही घर म्हून लावला का बाहेर कुठं तुमचं खातं चालू असंल तं ते बंद पडते. मंग तुमच्या फोनवर चार आकड्याचा कोड येते, अन् त्यायले तुमाले फोन करून विचारा लागते. बाहेर कोणी पाह्यते का?"

"कोणी नाही," यशवंतराव म्हणाले. आत त्यांच्या बायकोचा, रेणुकाबाईंचा, भाकरी थापणारा हात थांबला.

ते धडधडीत खोटं होतं. हे खातं सुनयनाने, त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, आदिलाबादला कॉलेजात असताना उघडून दिलं होतं, बापाच्या फोन नंबरवर. टीव्ही लावला की दोन चौकोन दिसत. एकावर बाबा, दुसऱ्यावर सुनयना. पुढे तिने एका तेलुगू मुलाशी लग्न केलं आणि यशवंतरावांनी चारचौघांदेखत तिच्या नावाने आंघोळ केली. जित्याजागत्या लेकीच्या नावाने, विहिरीवर उभं राहून, डोक्यावर घागर ओतून. मले पुन्हा बाप म्हणू नको, असं तिला बजावलं. पोरगी हट्टात बापावर गेलेली. सहा वर्षांत तिने एकदाही हाक मारली नाही.

खातं बंद करायचं राहून गेलं, असं ते स्वतःची समजूत घालत. वर्गणी भरायला मात्र एकदाही विसरले नाहीत. लेक मेली असं गावाला सांगणारा हा माणूस तिच्या सिनेमांची सोय बघत होता. रोज दुपारी मळ्यातून आले की ते तिचा चौकोन उघडत. काल तिने काय पाहिलं, कुठवर पाहिलं. तेवढ्यावरून ती सुखरूप आहे एवढं कळे, आणि घास गोड लागे. तीन वर्षांपूर्वी एक दिवस तिथे एकाएकी ससे, हत्ती आणि बोलणाऱ्या मोटारी दिसायला लागल्या. आपण आजोबा झालो, हे त्यांना असं कळलं. पेढे वाटायला तोंड नव्हतं. त्यांनी रेणुकाबाईंना हाक मारून तो हत्ती दाखवला, आणि दोघं पोटभर रडली.

रामाजी अजून उभाच होता. टीव्ही घर म्हणून लावला तर तिकडचा बंद पडणार. बंद पडला तर तिलाच इकडे फोन करावा लागणार. आपण फोन करावा असं यशवंतरावांच्या हजारदा मनात आलं होतं, पण तिने उचललाच नाही तर काय, या धास्तीने बोट पुढे जात नव्हतं.

"लाव," ते म्हणाले.

रामाजी गेल्यावर रेणुकाबाई बाहेर आल्या. "काऊन लावलं? लेकराचे हत्ती बंद केले तुमी."

"करंल ना सुनी फोन."

"अन् नाही केला तं?"

यशवंतराव मळ्यात निघून गेले. दोन दिवस वांगी तोडतानाही फोन त्यांच्या हातात होता. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. सुनी, चुकलं माझं. एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोड आला. पाठोपाठ फोन वाजला. यशवंतरावांनी तो कानाला लावला, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून एका लहान मुलीचा आवाज तेलुगूत म्हणाला, "अंकल, कोड सांगा."

यशवंतरावांचं तेलुगू भाजीबाजारापुरतं. त्यातच त्यांनी विचारलं, "तू कोण, बाळा?"

"अम्मा म्हणाली, कंपनीचे अंकल आहेत. फक्त कोड विचार, दुसरं काही बोलू नको."

"अम्मा कुठे आहे?"

"इथंच आहे. तिनेच नंबर लावून दिला."

म्हणजे नंबर लेकीला पाठ होता. बापाने बजावलेलंही पाठ होतं. मराठीत एक शब्द काढला तर नातीच्या हातून फोन काढून घेतला जाईल, अशी त्यांना भीती वाटली. आणि माफ कर म्हणण्याइतकं तेलुगू बाजारात कधी लागलं नव्हतं.

"अंकल, पुन्हा फोन नाही ना करावा लागणार?"

"नाही. आकडे बरोबर असले की नाही लागत."

रेणुकाबाई शेजारी येऊन फोनला कान लावून उभ्या राहिल्या. यशवंतराव सावकाश एकेक आकडा सांगू लागले. सात. पोरगी मागोमाग म्हणाली, सात. दोन. दोन. नऊ. नऊ.

शेवटचा आकडा चार होता. यशवंतरावांनी डोळे पुसले आणि सांगितलं, "पाच."