गुंडूचा जबाब

कालिंदीच्या खोलीत खुंटीवरचं धोतर दिसलं आणि खात्याचा तपासनीस अंबादास मनात म्हणाला, सापडलं.

त्यानं वहीत लिहिलं: पुरुषाचं धोतर, एक. कोनाड्यात वस्तरा, ओला. चुलीपाशी ताटं दोन. इथं पाणी मुरतंय हा त्याचा संशय पक्का होत चालला. कालिंदी उंबऱ्याशी उभी होती, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा. ती यल्लम्माची जोगती, देवीच्या नावानं लुगडं नेसलेली. मंगळवारी बायका तिच्या परडीत जोगवा घालत, आक्का म्हणून पाया पडत. अंबादासला ते सगळं सोंग वाटे.

दिल्लीनं ओळखपत्राच्या अर्जात स्त्री-पुरुषांखाली तिसरा रकाना घातला होता. राज्याच्या खात्यानं त्याला कोर्टात आव्हान दिलं होतं. कालिंदीनं नेमकी त्या रकान्यात खूण केली आणि तिचा अर्ज दाव्यात अडकला. कार्ड दाखव, नाहीतर खोली सोड, असं घरमालकानं तिला बजावलं होतं. ती तिसरी कुणी नसून बाप्याच आहे, असा अहवाल अंबादासनं सोमवारी द्यायचा होता. खात्याजवळ पुरावा एकच, वीस वर्षांपूर्वीचा तिच्या बापाचा जबाब: ‘माझा मुलगा पिराजी बाईचं सोंग घेऊन फिरतो. मी त्याला घराबाहेर काढलं आहे.’ खाली गुंडूचा अंगठा. हा गुंडू आता कुठं असतो, ते खात्याला ठाऊक नव्हतं.

“वस्तरा कुणाचा?” अंबादासनं दरडावलं.

“बाबांची दाढी चालली हुती, साहेब.” कालिंदीनं पडदा सारला.

खाटेवर म्हातारा पडला होता. अर्धं अंग लुळं, एका गालावर साबण तसाच. अंबादासला भलताच आनंद झाला. साक्षीदार आयता हाती आला होता. त्यानं जुना जबाब खणखणीत आवाजात वाचला. कालिंदीनं बापाच्या गालावरचा साबण पुसला.

“गुंडू तुम्हीच ना? हा अंगठा तुमचाच?”

“व्हय. माझाच.”

“मग आणखी एकदा उठवा. हा तुमचा मुलगा पिराजी, एवढंच सांगा.”

म्हाताऱ्यानं कागद परत सारला.

“पोरगा शिरोलीला हाय. जोतीराम. त्यानं मला पोत्यागत आणून हिच्या दारात टाकलं, चार वर्सं झाली.” त्यानं धडका हात पुढं केला. “शाई काढा, साहेब. तवा खोटं लिवलं. आता लिवा, ही माझी थोरली लेक.”