न भरणारी टाकी

"आमच्या टाकीला हात लावायचं काम नाही!" सासूबाई झाकणावर पाय रोवून उभ्या राहिल्या. "ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. आजवर एकदाही भरलेली नाही."

मैला उपसणारा पालिकेचा टँकर हल्ली पाळीपाळीनं घरोघर फिरत होता. गल्लीतल्या सगळ्यांनी नाक दाबून आपापल्या संडासाच्या टाक्या उपसून घेतल्या. सासूबाईंचं नाक मात्र वर. नवरा गेला, तरी त्याच्या टाकीचा तोरा काही उतरला नव्हता.

त्यात आज सून परत यायची होती. इथे असताना नातवाला सारखे जुलाब, पोराचा नुसता सापळा झाला होता. "हिच्या हातालाच स्वच्छता नाही," असं नात्यागोत्यात सांगून सांगून सासूबाईंनी तिला जगणं नकोसं केलं. ती बिचारी पाणी उकळून ठेवायची. ह्या ते ओतून टाकायच्या आणि विहिरीचं ताजं पाणी नातवाला स्वतः पाजायच्या. शेवटी ती पोराला घेऊन माहेरी गेली. तिथे पोरानं बाळसं धरलं. "तिथे तिच्या आईचा हात फिरतो ना!" सासूबाईंकडे उत्तर तयारच होतं. माफी मागितल्याशिवाय तिनं घरात पाऊल ठेवायचं नाही, हे त्यांनी मुलाला बजावलं होतं.

"बघू तर द्या, मावशी." टँकरवाल्यानं त्यांना बाजूला करून झाकण सरकवलं आणि बांबू आत सोडला. बांबू खाली गेला आणि मातीत रुतला.

"हिला तळच घातलेला नाही. भरेल कशी? सगळं जमिनीत मुरतंय," तो म्हणाला. "तुमची विहीर कुठंय?"

विहीर त्याच्या पाठीशीच होती. आपल्या हातानं नातवाला पाजलेला पेला न् पेला सासूबाईंना आठवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. सून आली, कडेवर गुटगुटीत पोर. तिनं मान खाली घातली.

"चुकलं माझं, आई. आता तुम्ही द्याल तेच पाणी पाजेन त्याला."

सासूबाई आत गेल्या. भरलेला हंडा त्यांनी मोरीत उपडा केला. बाहेर येऊन नातवाला छातीशी घट्ट धरलं.

"शेजारच्या नळाचं पाणी आण आणि उकळत ठेव," त्या म्हणाल्या. टँकरवाल्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. "आणि रडू नकोस. माफ केलं तुला."