पहिला सराव

मुलांना भोंगा ऐकू येणार नाही, म्हणून बुद्धप्रियाने सोलापुरातल्या त्या कर्णबधिर निवासी शाळेचे सगळे दिवे आगीच्या यंत्रणेला जोडले होते. आज पहिला सराव. दिवे लुकलुकायला लागले. फाटकापाशी ती घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होती. एक मिनिट गेलं, तीन गेली, एकही पोर बाहेर येईना. शेवटी न राहवून ती आत धावली. सगळी मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी ताटं घेऊन रांगेत बसली होती.

"दिवं लुकलुकलं की जेवाण, मॅडम," येसूबाई वाढता वाढता म्हणाली. "आमी रोज असंच बोलवतो की पोरांना."

बुद्धप्रियाने हातातला कागद पाहिला. सरावापुरती आग कुठे लागली असं धरायचं, ते सकाळी तिनेच लिहिलं होतं: स्वयंपाकघरात.