तिसरी गैरहजेरी

“मला विचारणारी ही कोण?” स्नेझानाने केंद्रप्रमुखांना सरळ विचारलं, आणि तेही ती बाई दारात उभी असताना.

केंद्रप्रमुखांनी खांदे उडवले. नियम वरून आला होता. सल्लाकेंद्रातल्या प्रत्येक मानसशास्त्रज्ञाने पंधरा दिवसांतून एकदा बाहेरच्या जाणत्या माणसापुढे आपली एक केस मांडायची. नियमात शब्द होता सुपरव्हिजन. स्नेझानाने त्याचा अर्थ लावला मुकादमी. चोवीस वर्षं विदिन शहरातली निम्मी दुःखं तिच्या खुर्चीपुढे बसून गेली होती, आणि आता राजधानीहून, सोफियाहून सकाळच्या बसने आलेली ही तेहतिशीची इस्क्रा तिला शिकवणार! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात दिवसही वाईट होता. गावच्या रिवाजाप्रमाणे, मृत्यूच्या तारखेला घराच्या फाटकावर दरवर्षीचा निधनाचा कागद डकवून ती थेट इथे आली होती. बोटांचा गोंद अजून निघाला नव्हता.

विदिनमध्ये वीज तोडायला आलेल्या माणसालाही कॉफी विचारतात. स्नेझानाने एकच कप भरला, स्वतःसाठी.

“मी पहिली केस घेतली तेव्हा तुमचे दुधाचे दात पडत असतील,” ती म्हणाली.

“असतील,” इस्क्रा म्हणाली आणि वही न उघडताच बसली.

केस गेरगानाची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, दोन पोरांची आई. नवरा मारायचा. ती गळ्याला रुमाल गुंडाळून यायची, तासभर रडायची आणि त्याच घरी परत जायची. मागच्या दोन भेटींना ती आलीच नव्हती. आज सकाळी नऊची वेळ होती, तीही चुकवली. तिसऱ्या गैरहजेरीला फाइल बंद, हा केंद्राचा जुना नियम. फॉर्म टेबलावर तयार होता, सही तेवढी बाकी होती. फाइल बंद झाली की गेरगानाला ठोठावायला दुसरं दार नव्हतं. पुढचं केंद्र शंभर किलोमीटरवर, आणि तिथे जायला ती नवऱ्याला काय सांगणार?

हे सगळं स्नेझानालाही ठाऊक होतं. पण तिने तरी किती करायचं? चार महिने घसा कोरडा केला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दर वेळी तेच, तो मनाने वाईट नाही हो. ऐकून ऐकून कान किटले होते.

“शेवटच्या वेळी मी स्पष्टच सांगितलं,” स्नेझाना म्हणाली. “ऊठ, पोरं घे आणि नीघ. आज निघाली नाहीस तर पुन्हा माझ्या दारात रडत येऊ नकोस. तिच्या भल्यासाठीच बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.”

 आता ही इस्क्रा पुस्तकातलं काहीतरी काढणार, असं समजून स्नेझाना ताठ बसली. तिची उत्तरं तयार होती.

“इथे येणाऱ्यांशी तुम्ही कसं बोलता?” इस्क्राने विचारलं. “अहोजाहो करता की अरेतुरे?”

काय पोरकट प्रश्न! अहोजाहोच, स्नेझानाने ठणकावून सांगितलं. चौदा वर्षांच्या पोरालाही ती कधी ‘तू’ म्हणाली नव्हती. या खुर्चीची शिस्तच ती होती.

“गेरगानाला तुम्ही ‘ऊठ’ म्हणालात. ‘उठा’ नाही. ‘येऊ नकोस’ म्हणालात. हे तुम्ही आधी कुणाला म्हणाला होतात?”

 स्नेझाना नखाने बोटावरचा गोंद खरवडू लागली.

झ्लात्का. तिची धाकटी बहीण. तेरा वर्षांपूर्वी तीही अशीच गळ्याला रुमाल गुंडाळून फाटकाशी उभी होती. तिलाही हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. झ्लात्काने थोरल्या बहिणीचा शब्द पाळला. ती पुन्हा रडत दारात आली नाही. आठ महिन्यांनी तिच्या निधनाचा कागद आला, आणि तो दरवर्षी नव्याने छापून स्नेझाना त्याच फाटकावर डकवत होती.

“माझ्या बहिणीला,” एवढंच ती म्हणाली.

मग तिने फॉर्म बाजूला सारला आणि फोन ओढला. गेरगानाच्या मोबाइलवर नाही, तो नवऱ्याच्या हाती असायचा. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात लावला. कुणीतरी गेरगानाला हाक मारून आणलं.

“गेरगानाबाई, मी स्नेझाना. मागच्या वेळी मी तुम्हाला बोलले ते माझं चुकलं. तुम्ही या. घर सोडलं असेल तरी या, सोडलं नसेल तरी या.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. स्नेझानाने रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला. मग गेरगानाने हलक्या आवाजात विचारलं, उद्या चालेल का?

चालेल, स्नेझाना म्हणाली. फोन ठेवून ती उठली, दुसरा कप भरला आणि इस्क्रापुढे आदळला. कॉफी बशीत सांडली. राग तिळभरही उतरला नव्हता.

“बहिणीला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी याच खुर्चीत बसले होते,” ती म्हणाली. “पाच जणांचं ऐकलं. तेव्हा मला विचारायला कुणी का नाही आलं?”